घरगुती डॉक्टर

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरात, बिल्डिंगच्या जिन्यात आणि समोरच्या दोन गल्ल्यांमध्ये मी डॉक्टर आहे. भारत सरकारच्या लेखी मात्र मी अजून कोणीच नाही.

परदेशात एमबीबीएस करून आलेल्यांना इथे एफएमजीई नावाची परीक्षा द्यावी लागते. 2002 पासूनची ही रीत. ती पास झालात की कौन्सिलचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन, मग इंटर्नशिप, मग कायमचं रजिस्ट्रेशन, आणि मग कुठे दारावर पाटी. तोवर पदवी कपाटात, आईच्या पैठणीखाली. परीक्षेला विषय एकोणीस. पदवी आणि परवाना यांतला फरक नातेवाइकांना समजावणं हा विसावा, आणि त्याचे नोट्स कुठेच मिळत नाहीत.

आत्याचंच घ्या. ती आली की आधी चहा पिते, मग पदराने कपाळ पुसते, मग माझ्या उघड्या पॅथॉलॉजीवर चष्म्याचं घर ठेवून उजवा पाय शेजारच्या स्टुलावर घेते. साडी गुडघ्यापर्यंत वर. मग बोटाने दाबत दाबत शोधमोहीम. "इथे नाही... इथे नाही... इथेही नाही... हां! इथे. हे काय असेल गं?"

मी तिला एकदा नीट बसवून सांगितलं, की आत्या, मला अजून परवाना नाही. विनापरवाना प्रॅक्टिस केली तर 2019 च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

"अगं, मी कुठे तुला फी देतेय? फुकट सांगितलं तर प्रॅक्टिस कशी होईल?"

वकिली करायला हवी होती हिने.

दुःख वेगळंच आहे. आमच्या घराण्याचं झाडून सगळं दुखणं हाडात. आत्याचा गुडघा, बाबांची मान, मोठ्या काकूंचा खांदा, आणि सिडकोतल्या जिन्यांनी बाकी सगळ्यांच्या कमरा. ऑर्थोपेडिक्सला 300 पैकी मार्क किती? पाच. माझ्याकडे येणारे नव्वद टक्के पेशंट मला पाच मार्कांची तयारी करून देतात. डोळ्यांना पंधरा आहेत, कान-नाक-घशाला पंधरा आहेत, पण एकाला कान फुटून येईल तर शपथ. स्त्रीरोग आणि प्रसूतीला तब्बल तीस. पण त्या विषयात आमच्या बायका सल्ला द्यायला येतात, घ्यायला नाही. "सत्ताविसावं सरलं ना गं तुझं?" अशी त्याची सुरुवात असते.

खालच्या मजल्यावरच्या काकांना मात्र दुखत काहीच नाही. ते नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झाले. सगळी हयात मोजणीत गेली, त्यामुळे माझ्या परीक्षेतलं औषध त्यांना कळत नसलं तरी हिशेब पाठ आहे. जिन्यात गाठतात.

"प्रश्न 300. प्रत्येकाला पर्याय चार. चुकलं तर मार्क कापत नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

"आमच्या टॉमीला बसवला तरी 75 येतील. पास व्हायला लागतात 150. आता ऐक. तुला फक्त 100 प्रश्न आले पाहिजेत. राहिलेल्या 200 वर दे ठोकून. त्यातले 50 आपसूक बरोबर. 100 आणि 50 किती?"

"150."

"मग दिवसरात्र दिवा कशाला जाळतेस?"

गणितात खोट काढायला जागा नाही. मी रात्री उशीवर डोकं ठेवून ते तपासूनही पाहिलं. अडचण एवढीच, की ते 100 कोणते हे पेपर काढणारा आधी कळवत नाही. पुष्कळदा निकालात पाचातला जेमतेम एक जण पास होतो, हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बाकीच्या चौघांना हे गणित कोणी सांगितलं नव्हतं." उंटावरून शेळ्या हाकणारे खूप पाहिले, पण शेळ्या मोजून हाकणारे हे पहिलेच.

याच काकांचा दुसरा आवडता प्रश्न: "आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरुळला. आणि तू शिकायला किर्गिझस्तानला?" 1998 पासून हे विद्यापीठ नाशकात आहे. अख्ख्या महाराष्ट्राच्या मेडिकल कॉलेजांचा कारभार दिंडोरी रोडवरून चालतो. घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर. पण रिक्षाने फक्त गेटपर्यंत जाता येतं काका, आत जायला नीटचे मार्क लागतात किंवा मग मॅनेजमेंट कोट्याचे पैसे. आमच्याकडे दोन्हींचा तुटवडा होता आणि एक एजंट होता. "तिकडे सगळं इंग्लिशमध्ये, सगळं सोपं" असं त्याने बाबांना सांगितलं. इंग्लिश कॉलेजात होतं. वॉर्डातले पेशंट ते ऐकायला तयार नव्हते.

घरी अभ्यास होत नाही हे ठरल्यावर मी गंगापूर रोडकडच्या एका अभ्यासिकेत टेबल घेतलं. नाशकात पोहे मिळत नाहीत अशी गल्ली सापडेल, अभ्यासिका नाही अशी सापडायची नाही. आत लाकडी खण, प्रत्येक खणाला ट्यूबलाइट, समोर चिकटवलेला कलेक्टरचा फोटो आणि मागे कोणाचं तरी वाळत घातलेलं टॉवेल. सगळे एमपीएससीवाले, नाहीतर पोलीस भरतीवाले. त्यांच्यात मी एकटी यकृत, प्लीहा करत बसलेली.

शेजारच्या खणात सटाण्याचा एक मुलगा होता. त्याने चहाच्या टपरीवर माझी परीक्षा समजून घेतली.

"जागा किती आहेत ताई?"

"जागा नसतात. 150 आले की पास."

"कटऑफ?"

"नाही."

"सगळ्यांना 150 पडले तर सगळे पास?"

"हो."

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. आयुष्यभर दीडशे जागांसाठी लाखांच्या गर्दीत उभा राहिलेला माणूस तो. बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "ही परीक्षाच नाय ताई. ही सवलत आहे." तेव्हापासून अख्ख्या अभ्यासिकेने माझी कीव करणं बंद केलं.

या मुलामुळे माझा एक मार्क गेला असं माझं ठाम मत आहे. कम्युनिटी मेडिसिनला तीस मार्क. त्यात डास हटकून येतो. ॲनाफिलीस बसतो तो भिंतीशी कोन करून, शेपूट वर. क्युलेक्स बसतो पाठ वाकवून, पृष्ठभागाला समांतर. एडिसच्या पायांवर पांढरे पट्टे. एकाची अंडी सुटी, दुसऱ्याची झुबक्याने. पुस्तकात हे सगळं वाचून घोटाळाच होतो. एका संध्याकाळी माझ्या वहीच्या कडेवर एक डास येऊन बसला. शेपूट उचललेली वाटली. मी श्वास रोखला, चष्मा सावरला, हळूच मान खाली नेली. तेवढ्यात बाजूने दोन हात आले आणि फट्.

"अरे थांब ना! कसा बसला होता बघत होते मी."

त्याने तळहात उघडून पाहिला. "आता आडवा आहे ताई."

अभ्यास म्हणजे हल्ली ॲपवरचे व्हिडिओ. एकोणीस विषयांचे व्हिडिओ नेहमीच्या वेगाने बघायला बसलं तर परीक्षा नातवंडांनी द्यावी लागेल, म्हणून सगळे दुप्पट वेगाने ऐकतात. बाबांनी एकदा दाराबाहेरून ऐकलं आणि काळजीने विचारलं, "हे सर एवढे घाबरलेत कशाला?" या सवयीचा त्रास असा, की माणसं सहन होईनाशी होतात. आई भाजीवालीने मेथीच्या जुडीत कशी माती घातली ते सांगत असते आणि माझं बोट हवेत वेग वाढवायचं बटण शोधत असतं.

आजीला वेग वाढवता येत नाही. ती सिन्नरकडची. तिच्या प्रत्येक गोष्टीत 72 चा दुष्काळ येतोच: खडी फोडायचं काम, सुकडी, अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी. मी तेव्हा बायोकेमिस्ट्रीत अडकलेले. रक्त गोठायला लागणारे फॅक्टर बरेच, त्यांपैकी व्हिटॅमिन के लागतं ते चार: दुसरा, सातवा, नववा, दहावा. उलटे लिहून दहाव्याचं शून्य खाल्लं की झालं 1972. देशभरची पोरं हे असंच पाठ करतात.

"एकोणीसशे बहात्तर साली..." आजीने सुरुवात केली.

"दहा, नऊ, सात, दोन!" मी खुर्चीतून ओरडले.

आजीने माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग शांतपणे पुढे म्हणाली, "त्या साली धान्य नव्हतं. तांदुळजा म्हणू नको, तरोटा म्हणू नको, पाला खाऊन दिवस काढले."

पाला! व्हिटॅमिन के हिरव्या पाल्यातच तर असतं. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांना पालेभाजीत एकाएकी फेरफार करू नका म्हणतात ते त्याचसाठी. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. "म्हणजे आजी, दुष्काळात तुझे चारही फॅक्टर धडधाकट होते!"

"पोटात काय नव्हतं गं," आजी म्हणाली. "पण असतील बाई. तू शिकलेली आहेस."

हे व्हिटॅमिन मी आता जन्मात विसरणार नाही. तो दुष्काळ आजी विसरली नाही, तसंच.

अभ्यास डोक्यात भरला की माणसं दिसेनाशी होतात आणि लक्षणं दिसू लागतात. सिटीलिंकच्या बसमध्ये दांडीला धरलेल्या हातांची मी नखं बघते. चपटी, चमच्याच्या आकाराची दिसली की लोह कमी. टोकाशी फुगीर दिसली की फुप्फुसं आठवायची. एका बाईंनी माझी नजर पाहून अंगठी असलेला हात पदराखाली घेतला.

दिंडोरीचा मामा फेब्रुवारीत द्राक्षांचा क्रेट घेऊन आला. तीन जिने चढून घामाघूम, बाइकवरच्या वाऱ्याने डोळ्यांतून घळाघळा पाणी, श्वास लागलेला. आदल्याच रात्री मी ऑर्गॅनोफॉस्फरस, म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा संपवली होती: घाम, लाळ, डोळ्यांत पाणी, नाडी मंद, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, उतारा ॲट्रोपिन. द्राक्षबागायतदार माणूस, फवारणी आलीच. मी क्रेट खाली ठेवू दिला नाही, आधी मोबाइलची टॉर्च त्याच्या डोळ्यांत मारली.

बाहुल्या झकास होत्या. मामाचा पारा तेवढा चढला. "युरोपात माल जातो आमचा, रेसिड्यू तपासून! तिकडच्या लॅबला चालतो आणि भाचीला टॉर्च लागते?" क्रेट ठेवून गेला, पण पाणी न पिता गेला. आईने ती द्राक्षं मिठाच्या पाण्यात धुतली आणि माझ्याशी चार दिवस बोलली नाही. द्राक्षं मात्र अप्रतिम होती.

या परीक्षेवर माझा राग नाही, हे इथे सांगून टाकते. उद्या कोणी माझ्या आजीच्या अंगाला हात लावणार असेल, तर त्याला 300 पैकी निम्मं तरी यावं असंच मलाही वाटतं. माझी तक्रार फक्त तयारीच्या काळातल्या माणसाला ठेवायला समाजात खण नाही याची आहे. अभ्यासिकेत तरी होता, महिन्याचे पैसे भरून.

सेंटर पुण्याच्या बाजूला आलं. नाशिक-पुणे रस्ता ज्याने केला आहे त्याला पुढचं सांगायला नको: सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, आणि चाकणला उरलेलं आयुष्य. आम्ही आदल्या दिवशीच निघालो. आईने हातावर दही दिलं, कालिकेचा अंगारा लावला आणि मनगटाला काळा दोरा बांधला. आत्याने फोनवर आशीर्वाद दिला आणि जाता जाता विचारलं, की गुडघ्याला तिळाचं तेल बरं की मोहरीचं.

सेंटरच्या गेटवर रांग. कानातलं काढा, अंगठी काढा, घड्याळ काढा. दोन भाग, प्रत्येकात 150 प्रश्नांना 150 मिनिटं, म्हणजे जीव प्रश्नाला एक मिनिट धरून चालणार. पोटात गोळा. तपासणीला उभ्या असलेल्या सिक्युरिटीच्या मावशींनी मशीन फिरवलं, दोऱ्यापाशी थांबल्या आणि "देवाचा आहे, पण नाय चालत" म्हणून कात्रीने कापून माझ्या मुठीत दिला. मग जरा जवळ येऊन आवाज खाली आणला.

"ही डॉक्टर लोकांचीच परीक्षा ना?"

"हो."

"माझी टाच लई दुखते. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकवत नाही."

अगदी पुस्तकातल्या शब्दांत. प्लांटार फॅसायटिस. पाच मार्कांतला का होईना, पण येत होता मला. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनीच विचारलं, "तुमचा तो रजिस्ट्रेशन नंबर आलाय का पण?"

"नाही अजून. त्याच्यासाठीच तर ही परीक्षा."

"मग राहू द्या," मावशी म्हणाल्या आणि मशीन मागच्या मुलीकडे वळवलं. "पुढे चला मॅडम. हात वर."