लकॉक ‘बदली खेळाडू’ नव्हता : एका प्रतिक्रियेला उत्तर

शार्ल लकॉक या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच ऑपेरेटाकारावरच्या (ऑपेरेटा म्हणजे हलकंफुलकं संगीतनाट्य) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी आतापर्यंत चार-पाच वेळा वाचली. ती खोचक आहे, पण अभ्यास करून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. एक, लकॉक हा पॅरिसमध्ये गाजलेल्या, जर्मनीत जन्मलेल्या ऑपेरेटाकार ऑफेनबाखचा बदली खेळाडू होता. फ्रान्सच्या जर्मनांशी झालेल्या 1870च्या युद्धानंतर पॅरिसने ऑफेनबाखला जर्मन ठरवून बाजूला सारलं आणि ती रिकामी खुर्ची याला आयती मिळाली. दोन, त्याचं संगीत गोड आहे, पण त्यात धार नाही. ऑफेनबाख सत्तेची खिल्ली उडवायचा, लकॉकने नुसती करमणूक केली. आणि तीन, मी त्याच्या कुबड्यांवर इतकं लिहिलं की वाचकाने संगीत ऐकण्याआधीच त्याची कीव करावी.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. लहानपणी जडलेल्या कमरेच्या दुखण्यामुळे लकॉकला जन्मभर कुबड्या घ्याव्या लागल्या, ही वस्तुस्थिती आहे. पण मी त्यावर तीन परिच्छेद खर्च केले आणि प्रत्येक अपयशाचं कारण तिथेच नेऊन ठेवलं. ते चुकलं. त्याची अडचण मुळात पैशाची होती. 3 जून 1832 रोजी पॅरिसमधल्या गरीब घरात जन्म, सोळाव्या वर्षापासून पियानोच्या शिकवण्या, 1849 मध्ये कॉन्झर्व्हेटॉयर या पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात प्रवेश आणि 1854 मध्ये आईवडिलांना हातभार लावायचा म्हणून शिक्षण अर्धवट सोडणं. शिकवण्यांच्या पैशावर शिकलेला आणि घर चालवण्यासाठी शिक्षण सोडलेला मुलगा, अशी त्याची ओळख मी आधी करून द्यायला हवी होती.

आता खुर्चीचा मुद्दा. रिकामी खुर्ची आयती मिळते ती दाराशी उभं असलेल्याला. लकॉक त्या दाराशी किती वर्षं उभा होता ते बघा.

1856 मध्ये ऑफेनबाखने नव्या संगीतकारांसाठी स्पर्धा लावली. 78 जण उतरले. शेवटच्या फेरीत सहा उरले आणि त्या सहांना ‘ल डॉक्तर मिराक्ल’ ही एकच संहिता देऊन चाली बांधायला सांगितलं. गोष्ट अगदी साधी प्रहसनाची. महापौराच्या मुलीवर प्रेम करणारा लष्करी अधिकारी वेष बदलून स्वयंपाकी म्हणून घरात शिरतो आणि ऑम्लेट करून वाढतो. पहिलं बक्षीस दोघांत विभागून दिलं गेलं. एक चोवीस वर्षांचा लकॉक, दुसरा अठरा वर्षांचा जॉर्ज बिझे. एप्रिल 1857 मध्ये ऑफेनबाखच्या ‘बूफ-पारिझिएन’ नाट्यगृहात 8 तारखेला लकॉकचं ‘डॉक्तर मिराक्ल’ झालं, 9 तारखेला बिझेचं. एकच गोष्ट, तीच पात्रं, तेच ऑम्लेट आणि दोन रात्रींत दोन वेगळी संगीतं! प्रेक्षक म्हणून त्या दोन रात्री लागोपाठ बसायला मिळालं असतं, तर मी काय वाटेल ते दिलं असतं.

परीक्षकांत कॉन्झर्व्हेटॉयरचे प्राध्यापक हालेव्ही होते. दोघेही त्यांच्या हाताखाली शिकलेले, पण बिझे त्यांचा लाडका (पुढे तो हालेव्हींचा जावईही झाला). बिझेला आपल्या बरोबरीला आणून बसवण्यामागे हालेव्हींचा हात आहे, अशी सल लकॉकच्या मनात राहिली. ती रास्त होती की नाही, यावर मी निवाडा करणार नाही. बिझेचं ‘डॉक्तर मिराक्ल’ ऐकलेल्या कुणालाही त्याच्या गुणवत्तेबद्दल शंका येणार नाही. पण पुढचा हिशेब तुम्हीच करा. बक्षीस मिळालं 1856 मध्ये आणि पॅरिसमध्ये लकॉकचं नाव झालं 1868 मध्ये, ‘फ्लर-द-ते’मुळे. मधली जवळजवळ बारा वर्षं शिकवण्या आणि लहानसहान नाट्यगृहांत फारशी न चाललेली छोटी छोटी कामं. तेव्हा ऑफेनबाखला कुणी बाजूला सारलं नव्हतं. उलट ‘ला बेल एलेन’, ‘ला व्ही पारिझिएन’ या त्याच्या ऑपेरेटा याच वर्षांतल्या. तो शिखरावर असताना लकॉक वर येत होता.

‘फ्लर-द-ते’वर ऑफेनबाखची छाप आहे, हे मान्य. चीनमध्ये घडणारी ती हुंदडणारी कथा त्या वेळच्या पॅरिसच्या चवीप्रमाणेच शिजवलेली आहे. तुम्ही ‘नक्कल’ हा शब्द तिच्यासाठी वापरला असता तर मी वाद घातला नसता. पण तुम्ही तो ‘ला फीय द मादाम आंगो’ला (‘मादाम आंगोची मुलगी’) लावलात, आणि तिथे मी गप्प बसू शकत नाही.

ही ऑपेरेटा पॅरिसमध्ये जन्मलीच नाही. युद्धामुळे पॅरिसची नाट्यगृहं विस्कटली तेव्हा लकॉक ब्रुसेल्सला गेला. तिथल्या ‘फांतेझी-पारिझिएन’ नाट्यगृहाचे चालक उंबेर यांनी त्याला राज्यक्रांतीनंतरच्या पॅरिसचा, म्हणजे डिरेक्टरीच्या राजवटीचा काळ सुचवला. 4 डिसेंबर 1872 रोजी पहिला प्रयोग झाला आणि ब्रुसेल्समध्येच तिने पाचशेच्या वर प्रयोग केले. पॅरिसच्या ‘फोली-द्रामातिक’मध्ये ती 21 फेब्रुवारी 1873 रोजी आली आणि 411 प्रयोग चालली. म्हणजे पॅरिसने रिकामी खुर्ची पुढे सरकवली नाही. दुसऱ्या शहरात सिद्ध झालेली गोष्ट पॅरिसला मागवून घ्यावी लागली.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचं, धार नसल्याचं, उत्तरही याच ऑपेरेटात आहे.

क्लेरेत ही पॅरिसच्या बाजारपेठेतल्या लोकांनी मिळून वाढवलेली अनाथ मुलगी. तिचं लग्न पोंपोने नावाच्या केशभूषाकाराशी ठरलंय, पण जीव जडलाय आंज पितूवर. हा पितू इतिहासातला खरा माणूस आहे. सरकारवर टीका करणारी गाणी रचून रस्त्यावर म्हणायचा, पुढे त्याला गयानात हद्दपार केलं गेलं. नाटकात त्याने सत्ताधीश बारास आणि त्याची मैत्रीण, नटी लांज, यांच्यावर गाणं रचलंय. ते न म्हणण्यासाठी त्याला पैसे चारले जातात आणि तो गप्प बसायला तयार होतो. इकडे क्लेरेतला लग्न टाळायचंय. अटक झाली तर लग्न आपोआप टळेल, एवढा साधा विचार करून ती भर चौकात तेच गाणं म्हणते. बारास राजा झाला, लांज त्याची राणी झाली, आणि मग लोकांनी उचलून धरलेलं धृपद : मग सरकार बदलायची काही गरज नव्हती, खरंच काही गरज नव्हती!

हे कुठल्या प्रेक्षकांसमोर गायलं जात होतं? सप्टेंबर 1870 मध्ये त्यांनी साम्राज्य कोसळताना पाहिलं होतं. त्यानंतर शहराला वेढा पडला, उपासमार झाली. 1871 च्या वसंतात कम्यून, म्हणजे बंडखोर पॅरिसकरांचं सरकार, आलं आणि मे महिन्यात ते रक्तात बुडवलं गेलं. फेब्रुवारी 1873 मध्ये पूर्व फ्रान्समध्ये जर्मन सैन्य अजून तळ ठोकून होतं. दोन-अडीच वर्षांत तीन राजवटी बघितलेल्या लोकांना एक बाजारातली पोरगी चौकात उभी राहून ‘सरकार बदलायची गरज नव्हती’ असं हसत हसत सांगते. आणि ती चाल! सोपी, कुणालाही एकदा ऐकून म्हणता येईल अशी, धृपदाला ‘गरज नव्हती, गरज नव्हती’ असा घोळवून घोळवून धरलेला शब्द. चौकातल्या गर्दीने उचलावी म्हणूनच ती तशी बांधलेली आहे. ही ओळ पुढे फ्रेंच माणसाच्या तोंडात म्हणीसारखी बसली. याला धार म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

फरक आहे तो वेगळ्या जागी. ऑफेनबाख देवांना, राजांना, सेनापतींना रंगमंचावर आणून त्यांचं हसं करतो आणि संगीतही त्या चेष्टेत सामील होतं. लकॉकचं हसू प्रसंगातून येतं. त्याचं संगीत पात्रांवर हसत नाही, त्यांच्याबरोबर राहतं. दोन्ही थोर आहेत, पण एक म्हणजे दुसऱ्याची पातळ आवृत्ती नव्हे.

दुसऱ्या अंकाचा शेवट घ्या. रात्री लांजच्या दिवाणखान्यात राजेशाहीवादी कटवाले जमतात. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या केसांचे टोप, कोटाला काळी कॉलर. कट करायचा तर पिवळा टोप आणि काळी कॉलर हवीच, असं ते गातात, म्हणजे गुप्त कट करणाऱ्यांचा चक्क गणवेश! पण लकॉक हा विनोद ओरडून सांगत नाही. अख्खा कोरस दबक्या आवाजात, तुटक तुटक सुरांत गातो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शब्दांचा अर्थ माहीत नव्हता, तरी दहा-वीस माणसं चवड्यांवर चालत येताहेत, हे कळलं होतं. तेवढ्यात घराला हुसार, म्हणजे घोडदळाच्या, शिपायांचा वेढा पडतो. लांज हुकूम सोडते : टोप काढा, कॉलरी लपवा, बायकांना बोलवा, हा कट नव्हे, हा नाचाचा जलसा आहे. आणि वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने गिरक्या घेत करायचा नाच, सुरू होतो. धरायला आलेले शिपाई बघता बघता त्याच नाचात ओढले जातात.

इथवर कुशल विनोद आहे. पण याच गडबडीत लांज आणि क्लेरेत, शाळेतल्या जुन्या मैत्रिणी, ज्यांनी याच अंकात बालपणाच्या आठवणींचं इतकं हळवं द्वंद्वगीत गायलंय, त्यांना कळतं की आपलं दोघींचं प्रेम एकाच माणसावर आहे. एक मैत्री तिथे तुटते आणि वॉल्ट्झ थांबत नाही. थांबला तर सगळे पकडले जातील! आनंदाच्या त्या चालीतच दोघींना आपला राग गिळावा लागतो. हे संहितेत आहेच, पण ते कानांना जाणवतं ते लकॉकने चाल जराही न मोडता पुढे रेटल्यामुळे. हे ज्याला जमलं त्याला नुसता ‘गोड’ म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

आता नकलेबद्दल आणखी एक गोष्ट, जी माझ्या लेखात यायला हवी होती. ‘आंगो’नंतर पॅरिसची चव बदलली. चेष्टेपेक्षा थोडा इतिहास, थोडं प्रेम आणि नीट बांधलेली पदं लोकांना हवीशी झाली. आणि कोण बदललं? ऑफेनबाख. 1878 ची ‘मादाम फाव्हार’ आणि 1879 ची ‘ला फीय द्यु तांबूर-माझोर’ या त्याच्या उतारवयातल्या दोन मोठ्या यशांचा घाट पाहा. दोन्हींत फ्रान्सचा इतिहास आहे, शूर नायिका आहे, दोन्ही ओपेरा-कोमिकच्या, म्हणजे गाण्यांमध्ये बोलते संवाद असलेल्या जुन्या फ्रेंच ऑपेराच्या, वळणाच्या आहेत. दुसरीचं नावसुद्धा ‘अमक्याची मुलगी’, आणि ती लागली त्याच ‘फोली-द्रामातिक’मध्ये. मी त्याला नकलाकार म्हणणार नाही. चांगला कलावंत शेजाऱ्याकडून घेतो. पण देणं-घेणं दोन्ही बाजूंनी झालं, एवढं तरी मान्य करा.

ऑफेनबाखचे लेखक मेलाक आणि ल्युदोव्हिक हालेव्ही (परीक्षक हालेव्ही ते वेगळे) हेही लकॉककडे आले. 1878 च्या जानेवारीत रेनेसाँस थिएटरमध्ये लागलेली ‘ल पती द्युक’ त्यांचीच. बालपणीच लग्न लावून दिलेले आणि दरबाराने दूर ठेवलेले सरदार नवरा-बायको, त्यात सरदाराची भूमिका झान ग्रानिये या अभिनेत्रीने केली. मला ती ‘आंगो’पेक्षाही जास्त आवडते, पण तिच्यावर स्वतंत्र लेख लिहायचा आहे. याच दोघा लेखकांनी तीन वर्षांपूर्वी बिझेला ‘कार्मेन’ या ऑपेराची संहिता लिहून दिली होती. ‘कार्मेन’ मार्च 1875 मध्ये आली, पॅरिसने ती थंडपणे घेतली आणि तीन महिन्यांनी बिझे गेला. तारीख 3 जून, त्या दिवशी लकॉकने त्रेचाळीस पूर्ण केली. एकाच बक्षिसाचे दोन वाटेकरी : एकाची गाणी ब्रुसेल्सपासून पॅरिसपर्यंत गाजत होती आणि दुसरा आपली कृती पडली असं समजूनच गेला. आज जगाने हिशेब उलटा मांडलाय. बिझेला जे मिळालं ते योग्यच आहे, पण त्यासाठी लकॉकला इतकं विसरायची आवश्यकता नव्हती.

त्याच्या मर्यादा मी लपवत नाही. गंभीर संगीतकार म्हणून मान मिळावा ही त्याची इच्छा होती. 1886 मध्ये ‘प्लुत्युस’ घेऊन तो ओपेरा-कोमिक याच नावाच्या नाट्यगृहाच्या रंगमंचावर गेला आणि ते सपशेल पडलं. ‘ल कर ए ला माँ’नंतर, म्हणजे 1882 नंतर, पूर्वीसारखं यश त्याला क्वचितच मिळालं. तो 24 ऑक्टोबर 1918 रोजी वारला, 86 वर्षांचा होऊन, पहिल्या महायुद्धाच्या युद्धबंदीला अडीच आठवडे उरले असताना. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ओपेरा-कोमिकने ‘मादाम आंगो’ आपल्या रंगमंचावर घेतली. ज्या दारातून ‘प्लुत्युस’ला परत पाठवलं, त्याच दारातून बाजारातली क्लेरेत आत गेली. हे त्याला बघायला मिळालं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि ही कीव नाही.

तुमच्या सांगण्यावरून मूळ लेखात आज दोन बदल केले आहेत. कुबड्यांवरचे तीन परिच्छेद काढून तिथे एकच वाक्य ठेवलं आहे आणि ‘फ्लर-द-ते’वर ऑफेनबाखची छाप आहे, हे स्पष्ट लिहिलं आहे. ‘आंगो’बद्दलचा भाग आहे तसाच ठेवला आहे. तिचा दुसरा अंक अजून पूर्ण ऐकला नसेल, तर कटवाल्यांच्या कोरसपासून वॉल्ट्झच्या शेवटापर्यंत एका बैठकीत ऐका आणि मग पुन्हा लिहा. मी वाट बघते आहे.