अण्णाकाका कशानं गेले?

दादा ४१ व्या वर्षी गेला. सकाळी टेकडीवर पळायला गेला आणि तिथंच कोसळला. ‘अटॅक’ म्हणून सगळ्यांनी मान्य करून टाकलं. दहाव्याला घाटावर आत्या सहज बोलून गेली, “आमचा अण्णा पण असाच गेला गं, नांगर धरल्या धरल्या. चाळिशी पण नव्हती.”

ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून मी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला. हृदयाच्या मधल्या भिंतीची जाडी निघाली १७ मिलिमीटर. साधारण १२ च्या आत असावी लागते. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा हा आजार, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. पाचशेत एकाला असते म्हणे, म्हणजे काही जगावेगळी नाही.

डॉक्टरांनी एका कागदावर आमचं घराणं काढलं. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. मग जनुकीय चाचणीसाठी माझं रक्त गेलं. एमवायबीपीसी३ नावाच्या जनुकात दोष सापडला. बाबांच्यातही तोच निघाला. बाबा ७४ चे, अजून जिना चढतात, कसला त्रास नाही! दोष असला की आजार होतोच असं नाही, हे मला घरातच बघायला मिळालं. याच जनुकाच्या लिपीतली, म्हणजे डीएनएतली, २५ अक्षरं गळालेला एक प्रकार तर आपल्या उपखंडात शंभरातल्या चौघांत सापडतो, असं २००९ च्या संशोधनात आलंय. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात काही होत नाही.

पण आई किंवा बापात दोष असला तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. आणि आधी आजारी माणसातला दोष सापडला, की बाकीच्यांना तेवढाच एक तपासायचा असतो. खर्च कमी, उत्तर स्पष्ट. माझ्या मुलात तो नाही, त्याची दरवर्षीच्या इकोतून सुटका झाली. मुलीत आहे. तिला आता नेमानं तपासणी.

म्हणून अण्णाकाकांच्या थोरल्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, हे कुठं बोलू नको. पोरीचं बघायचं चाललंय.”

मला संताप आला. सोयरीक जुळवताना देवक विचारणार, कुळी विचारणार, मामाचं गाव विचारणार. आजा कशानं गेला, एवढंच विचारायचं नाही? बरं, या पठ्ठ्याला स्वतःला जिन्यात दम लागतो, हे वहिनीनं मला गुपचूप सांगितलंय.

त्याची दुसरी भीती विम्याची. ती मात्र अगदीच खोटी नाही. याच आजाराच्या एका माणसाचा दावा ‘जनुकीय’ म्हणून नाकारला गेला होता. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, आणि विमा नियामकानंही कंपन्यांना जनुकीय आजार वगळणारं कलम घालू नका म्हणून कळवलं. तरी अर्ज भरताना माणूस दचकतोच. मीही दचकले.

एक मात्र सांगते. जनुकीय चाचणीचं ऑनलाइन किट मागवून ‘हृदयाचं भविष्य’ बघत बसू नका. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर आधी ईसीजी, इको आणि या आजाराचा जाणकार डॉक्टर.

तो कागद माझ्याकडेच आहे. अण्णाकाकांच्या खाली दोन चौकोन, एक गोल, त्यांच्या खाली पाच पोरं. आठही जणांपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. भाऊबीजेला जाताना ओवाळणीच्या ताटाबरोबर तोही घेऊन जाणार आहे. थोरला चिडला तर चिडू दे, कागद वहिनीच्या हातात देईन.