शॉकअपचं बुश ग्रीसमध्ये बुडवायचं नसतं

गेल्या महिन्यात पसरणी घाटातून भाच्याचा फोन आला. "मामा, मागं काहीतरी लोंबतंय आणि स्प्रिंगच्या पाट्यावर आपटतंय." मी वाईहून गाडी काढली आणि वर गेलो. त्याच्या जुन्या महिंद्रा जीपच्या मागच्या डाव्या शॉकअपचं खालचं कडं पिनेवरून निसटलं होतं. गंमत वाटेल, पण पिनेवर कॉटर पिन, म्हणजे वॉशर निसटू नये म्हणून पिनेच्या भोकातून आरपार घालून वाकवलेली तार, जागच्या जागी होती. वॉशरही होता. फक्त बुश, म्हणजे कडं आणि पिन यांच्यामधलं रबर, नव्हतं. पिनेच्या मुळाशी रबराचा एक काळा, बुळबुळीत तुकडा चिकटून राहिला होता. दोन बोटांत धरला तर भिजलेल्या खोडरबरासारखा कुस्करला. शॉकअप लोंबत होता तिथून ब्रेकचा पाइप चार बोटांवर. घाट उतरताना हे निसटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करत नाही.

दोन महिन्यांपूर्वी त्यानंच ही बुशं बसवली होती, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक मेसेज वाचून. "जीप, थार, जिप्सीवाल्यांनी जपून ठेवा" असं वर लिहिलेलं. त्यात सहा गोष्टी आहेत. बुश बसवण्याआधी ग्रीसमध्ये बुडवा, आवाज येणार नाही. वॉशर म्हणजे नुसती चकती, कुठलाही आणि कसाही लावा. नट फिरायचा थांबेपर्यंत आवळा. सगळं काम गाडी जॅकवर असतानाच पूर्ण करा. तरी आवाज आला तर एक वॉशर जास्त टाका. आणि पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिकचं) बुश बसवलं की आयुष्यभर बघायला नको. त्यानंतर तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपांवर आला. म्हणून हे लिहितोय.

आधी बुश काम काय करतं ते समजून घेऊ, कारण मेसेज लिहिणाऱ्याला तेच कळलेलं नाही. साधं रबरी बुश पिनेवर घसरत नाही, घसरायचं नसतंच. आतून पिनेला आणि बाहेरून कड्याला ते दाबून धरतं. चाक वरखाली झालं की रबर स्वतःच्या अंगातच पिळतं आणि परत सरळ होतं. ते बेअरिंग नाही. रबर आणि लोखंड एकमेकांवर घासायला लागले की समजायचं, पकड गेली. कुरकुर तिथूनच येते.

आता ग्रीस लावून तुम्ही काय करता? पकडच घालवता. दोन-चार दिवस आवाज बंद होतो, हे खरं आहे, आणि त्यामुळेच हा सल्ला पसरतो. पण बहुतेक रबरी बुशांतलं रबर पेट्रोलियमच्या तेलात फुगतं आणि मऊ पडतं. हे गॅरेजमधल्या पोऱ्यालाही माहीत असतं. ब्रेकचं रबर किट डिझेलनं धुवायचं नाही, ब्रेक ऑइलनंच धुवायचं, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मग शॉकअपच्या रबराला वेगळा न्याय का?

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. विलीजच्या सिव्हिलियन जीपचं सर्व्हिस मॅन्युअल काढा. त्याच वंशातली जीप महिंद्रानं आपल्याकडे कित्येक दशकं बनवली. त्यात शॉकअपच्या भागात हेच लिहिलंय: कुरकुर येते ती रबर आणि धातू यांच्यात हालचाल झाल्यामुळे, ती घालवायला रबरावरचा दाब वाढवा, जिथे कॉटर पिन आहे तिथे जादा वॉशर घालून, जिथे नट आहे तिथे नट आवळून, आणि त्यासाठी खनिज वंगण वापरू नका. इतक्या वर्षांपूर्वी ज्यांनी ही गाडी बनवली त्यांनी सरळ नको म्हणून सांगितलंय, आणि आपण एका निनावी मेसेजवर विश्वास ठेवून ग्रीसचा डबा उघडतो. बुश आत जात नसेल तर साबणाचं पाणी लावा. ते वाळतं आणि रबर परत घट्ट धरतं.

आणि हो, जादा वॉशरचा मुद्दा मेसेजनं बरोबर सांगितलाय, ते मान्य करावंच लागेल. मॅन्युअलच तसं म्हणतं. पण ते कॉटर पिनेच्या जोडणीसाठी आहे, आणि रबर धड असताना. रबर फाटलं असेल तर दहा वॉशर टाकून उपयोग नाही. ग्रीसमध्ये फुगलेल्या रबरावर तर तो उलटा घातक, कारण दाबाखाली ते कडेनं बाहेर पडतं.

आता वॉशर. माझा सगळ्यात जास्त राग या मुद्द्यावर आहे, कारण भाच्याच्या गाडीत शेवटचा घाव यानं घातला.

बुशच्या बाहेरचा वॉशर दोन कामं करतो. एक, रबर दाबून जागेवर ठेवतो. दुसरं, रबर एखाद्या दिवशी गेलंच तरी कडं पिनेवरून बाहेर येऊ देत नाही. त्यासाठी वॉशरचा व्यास कड्याच्या भोकापेक्षा मोठा लागतो. भाच्यानं जुने गंजलेले वॉशर टाकून दिले आणि हार्डवेअरच्या दुकानातून पिनेच्या मापाचे साधे वॉशर आणले. आतलं भोक बरोबर, बाहेरचा घेर लहान. ग्रीसनं मऊ झालेलं बुश त्या वॉशरच्या कडेनं हळूहळू बाहेर आलं, आणि रबर संपल्यावर कडं वॉशरवरून सरळ निघून गेलं. कॉटर पिन बिचारी शेवटपर्यंत शाबूत राहिली. घाटात मी तो वॉशर कड्याच्या भोकातून आरपार घालून त्याला दाखवला, तेव्हा तो काही बोलला नाही.

तुम्हीही एवढंच करा. बसवण्याआधी वॉशर कड्यावर ठेवून बघा. भोकातून पडला तर तो वॉशर त्या जागेचा नाही. शिवाय पिनेच्या मुळाशी, ब्रॅकेटच्या बाजूलाही वॉशर असेल तर तो विसरू नका. तो नसला की रबर ब्रॅकेटवर घासून खाल्लं जातं.

"कसाही लावा" हेही खोटं. काही गाड्यांत शॉकअपचं टोक कड्याचं नसून सरळ दांडीचं असतं. लँड रोव्हर डिफेंडरच्या पुढच्या शॉकअपची दोन्ही टोकं अशीच. तिथे दोन बुशं, मध्ये चासीचा किंवा एक्सलचा पत्रा, आणि बुशांच्या बाहेरून वाटीसारखे वॉशर. वाटीचं तोंड कुठे करायचं हे प्रत्येक गाडीचं वेगळं असू शकतं, म्हणून उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. गाडी कुणीतरी आधीच चुकीची जोडलेली असेल तर मॅन्युअलमधलं चित्र बघा. तेही नसेल तर बुशकडे बघा. रबराचं टोक वाटीत नेमकं बसत असेल तर वाटी रबराकडे. वॉशरची कड बाहेर वळलेली असेल तर ती कड रबरापासून लांब. दांडी तिरपी झाली की वॉशरची धार रबरात घुसायला नको, एवढं ध्यानात ठेवलं की चूक होत नाही. आणि बुशच्या एका बाजूला उंचवटा असेल तर तो पत्र्याच्या भोकात बसला पाहिजे. तो बाहेर राहिला तर दांडी थेट पत्र्याला लागते आणि खडखड सुरू.

नट फिरायचा थांबेपर्यंत आवळणं दांडीच्या शॉकअपला मारतं. दांडीवर खांदा किंवा आत नळी असेल तर मॅन्युअलमधल्या टॉर्कनं, म्हणजे आवळायच्या ठरलेल्या जोरानं, नट तिथे टेकवायचा, विषय संपला. नसेल तर रबर फुगून साधारण वॉशरच्या घेराला आलं की थांबायचं. वॉशरच्या बाहेर भाकरीच्या काठासारखं रबर दिसायला लागलं म्हणजे जास्त झालं. रबर दगड झालं की दांडीला वळायला जागा राहत नाही. खडकावर एक चाक वर आणि एक खाली गेलं की तो सगळा वाक दांडीवर येतो. मग आटे असतात तिथे ती तुटते, किंवा सील एका बाजूनं झिजून तेल गळतं. नटाबरोबर दांडी फिरत असेल तर तिच्या टोकाच्या चपट्या भागावर पाना लावा. चकचकीत भागाला पकड लावली की ओरखडा पडतो, आणि तो ओरखडा प्रत्येक हेलकाव्याला सील कापतो.

जॅकवर काम पूर्ण करण्याबद्दल थोडक्यात. आत लोखंडी नळी असलेलं बुश बोल्टानं आवळलं की रबर त्या स्थितीत धरलं जातं. चाक लोंबत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर उभी राहिली की रबर आधीच पिळलेलं. म्हणून नुसतं हातानं लावा, गाडी चाकांवर किंवा एक्सलखालच्या स्टँडवर उभी करा, मग शेवटचं आवळा. पाट्यांच्या आणि शॅकलच्या (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीच्या) रबरी बुशांनाही हेच. सरळ दांडीच्या टोकाला यानं फारसा फरक पडत नाही.

पीयू बुश चांगलं असतं, टिकतं, पण ते पिळण्यापेक्षा नळीवर फिरतं, म्हणून त्याला मात्र ग्रीस लागतं, तेही सिलिकॉनचं, आणि अधूनमधून पुन्हा. मेसेज लिहिणाऱ्यानं कदाचित इथलीच गोष्ट उचलून रबराला चिकटवली असावी.

भाच्याच्या चारही शॉकअपची बुशं रविवारी मिळून बदलली. वॉशर मूळ मापाचे शोधायला तीन दुकानं फिरलो. जुन्या बुशचा तो तुकडा आणि कड्यातून आरपार जाणारा वॉशर, दोन्हींचा फोटो त्यानं स्वतः त्याच ग्रुपवर टाकलाय, जिथून त्याला मेसेज आला होता.