‘दोरीला बांधलेला कॅमेरा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

समुद्रातल्या तेल-प्लॅटफॉर्मची पाण्याखालची तपासणी आरओव्हीने, म्हणजे वरून केबलने चालवल्या जाणाऱ्या पाण्याखालच्या यंत्राने, करण्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की आरओव्ही म्हणजे दोरीला बांधलेला कॅमेरा, तडा शोधायला पाणबुड्याचा हातच लागतो आणि आजच्या काळात केबल ओढत फिरणाऱ्या यंत्राचं एवढं कौतुक कशाला?

आधी माझी चूक. ‘पाणबुड्यांची गरज आता संपली’ हे वाक्य मी लिहायला नको होतं, ते काढून टाकलं आहे. प्लॅटफॉर्मच्या जॅकेटमध्ये, म्हणजे त्याला पाण्यात उभं ठेवणाऱ्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यात, तीन-चार नळ्या जिथे एकत्र येतात, त्या बेचक्यात आरओव्हीची चौकट नीट शिरत नाही. तिथले शिंपले खरवडून, वेल्ड उघडा करून बारीक तपासणी करायची तर कसबी माणूसच बरा.

पण ‘कॅमेरा’ हा शब्द मला मान्य नाही. या तपासणीतलं किती तरी काम डोळ्यांना दिसणारं नसतंच. पोलाद गंजू नये म्हणून जॅकेटवर ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे ॲनोड लावतात, पोलादाच्या वाटची झीज ते सोसतात. ॲनोड जागेवर आहे एवढं चित्रात दिसतं, पण पोलादाला संरक्षण मिळतंय का, ते दिसत नाही. त्यासाठी आरओव्हीच्या हाताने पोलादाला प्रोब टेकवून विभव (विद्युत पातळी) मोजावं लागतं. तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या मानाने उणे ८०० मिलिव्होल्ट किंवा त्याहून ऋण आकडा आला तर ठीक. उणे ६५० च्या आसपास आला, तर स्वच्छ दिसणाऱ्या पोलादालाही संरक्षण मिळत नाहीये, हे नक्की.

आता तुमचा तडा. हवाबंद नळीत पाणी शिरलंय का, हे आरओव्ही बाहेरून अल्ट्रासाउंडने तपासतं. आत पाणी असेल तर पलीकडच्या भिंतीवरून प्रतिध्वनी परत येतो, हवा असेल तर येत नाही. कोरडी असायला हवी ती नळी भरलेली निघाली, म्हणजे कुठे तरी आरपार भेग असण्याची दाट शंका. आरपार न गेलेला तडा मात्र यातून सापडत नाही, तिथे तुमचं म्हणणं खरं.

केबल हौसेने ठेवलेली नाही. समुद्राच्या पाण्यात रेडिओ लहरी काही अंतरातच विरून जातात. ध्वनी दूरवर जातो, पण थेट स्वच्छ व्हिडिओ पाठवता येईल इतकी माहिती त्यावरून जात नाही. शिवाय थ्रस्टरला, म्हणजे यंत्र ढकलणाऱ्या पंख्यांना, वीज हवी. प्रवाहात केबलच यंत्राला ओढत नेते, हे मला ठाऊक आहे. पायलटची निम्मी शक्ती ती सांभाळण्यात जाते. लांबलचक पाइपलाइनच्या सर्वेक्षणाला बिनकेबलची यंत्रं वापरतातही. पण एका वेल्डसमोर स्थिर थांबून मोजमाप घ्यायचं, तर केबल लागतेच.

आणि माणसाचं शरीर? साध्या हवेवर साधारण ५० मीटरपर्यंतच काम करता येतं. त्याखाली सॅच्युरेशन डायव्हिंग, म्हणजे आठवडेच्या आठवडे दाबाखालच्या कोठडीत राहणं. १९८३ साली उत्तर समुद्रात बायफर्ड डॉल्फिन या तेल-रिगवर अशाच कोठडीतला दाब एका क्षणात सुटला आणि पाच माणसं गेली. २०१० मध्ये डीपवॉटर होरायझन या रिगची तेलविहीर सुमारे १५०० मीटर खोल पाण्यात फुटली, तेव्हा तळाशी जे काही करता आलं ते आरओव्हींनीच केलं. तिथे कोणताही पाणबुड्या पोचू शकत नव्हता.

म्हणून माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी आरओव्हीने सगळं जॅकेट पाहावं, मोजावं, संशयास्पद सांधे नोंदवावेत. मग पाणबुड्याने फक्त त्या सांध्यांसाठी पाण्यात उतरावं.