ही मूठ कसली म्हणायची?

चार दिवस झाले, अजून गल्लीतली पोरं मला बघून गाल फुगवतात. फुगवा म्हटलं.

जानेवारीत गुलमर्गला स्नोबोर्ड चालवायला जायचंय. कोल्हापूरच्या माणसाला बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, हे मला शंभर जणांनी ऐकवून झालंय, तुम्ही नको. गेल्या वर्षी खालच्या उतारावर नीट पडायला शिकलो, यंदा ग्रुपचं ठरलंय की गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यानं अफरवटच्या डोंगरावर, म्हणजे 3,900 मीटरच्या वर जायचं आणि गाईड घेऊन मोकळ्या उतारावरनं खाली यायचं. तिथं हिमस्खलन होतं. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा सिग्नल पकडणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) प्रत्येकाकडं पाहिजेच, त्याला काही पर्याय नाही, खरं वर एअरबॅगवाली, म्हणजे छातीवरची मूठ ओढली की फुगा निघणारी, सॅकही असली तर बरं असं गाईड म्हणाला आणि माझी झोप गेली. कारण ह्या सॅकच्या दोन जाती. एकीत दाबून भरलेल्या हवेचं नळकांडं, स्वस्त, पण एकदा मूठ ओढली की नळकांडं खलास. दुसरीत विजेवरचा पंखा, किंमत लाखाच्या पुढं, पण चार्ज केली की परत फुगते. वजन दोन-तीन किलो. तीन आठवडे रोज रात्री व्हिडिओ बघत बसलो, बायको म्हणाली, गेलाच नाहीस तर दोन्हीचे पैसे वाचतील.

शेवटी पुण्याच्या मित्रानं त्याची नळकांड्याची सॅक ट्रॅव्हल्सनं पाठवली. घालून बघ, फक्त हँडल ओढू नकोस, म्हणाला. घातली तर मांडीतनं येणारा पट्टा लांब होता, म्हणून लक्ष्मीपुरीतल्या बॅगवाल्याकडं गेलो. पाच बाय सातचं दुकान, वरनं खालपर्यंत शाळेची दप्तरं टांगलेली. मी सॅक घालून मधोमध उभा, बॅगवाला टेप घेऊन माझ्या पायाशी बसलेला, आणि बाकड्यावर चहा पीत एक काका. सत्तरीचे असतील, दोन्ही कान चेपलेले, म्हणजे कधीकाळचे पैलवान.

"काय पावणं, पॅराशूट काय?"

नाही काका म्हटलं, बर्फाचा कडा कोसळला की माणूस गाडला जातो, तेव्हा ह्यातनं फुगा निघतो आणि माणूस वर राहतो.

"बर्फावर तरंगतंय व्हय?"

इथं गप्प बसायचं. पण तीन आठवड्यांचं ज्ञान आतनं धडका मारत होतं. म्हटलं तरंगत नाही काका, फरसाणाचा डबा हलवला की बारीक चुरा खाली जातो आणि पापडी वर येते, तसं वाहत्या बर्फात जे आकारानं मोठं ते वर येतं, फुगा दीडशे लिटरचा असतो, आपण चुऱ्याची पापडी होतो.

काकांनी बशीत चहा ओतला. विचार केला.

"म्हंजे अंगानं मोठा असंल त्यो वर राहणार."

"हां."

"मग खा की. फुगा कशाला?"

बॅगवाला खालनं हसला. मी म्हटलं काका, जर्मनीतल्या एका वनरक्षकाला हे पहिल्यांदा कळलं, शिकार पाठीवर घेऊन चालला होता आणि हिमस्खलनात सापडूनही वरच राहिला, त्यावरनं पुढं 1985 साली ही बॅग बाजारात आली.

"शिकार कसली हुती?"

ते मला माहीत नव्हतं. काकांच्या नजरेत मी तिथंच उतरलो.

"आणि हे मांडीतनं आलंय ते काय?"

हा पट्टा लावला नाही तर वाहता बर्फ सॅक डोक्यावरनं ओढून नेतो, असं सांगितलं.

"लंगोट म्हण की मग सरळ." आणि बॅगवाल्याला, "घट्ट शिव रं. लंगोट ढिला तर कुस्ती गेली." मग उठून माझ्या छातीशी आले. "आणि ही मूठ कसली म्हणायची?"

मी "ओढू न" पर्यंत पोचलो होतो.

फुस्सकन आवाज झाला आणि माझ्या मानेमागं दहा बादल्यांएवढा फुगा उभा राहिला. समोरची दप्तरं चहावर, मागची माझ्यावर, बॅगवाला सगळ्याच्या खाली. वर फक्त मी आणि काका. म्हणजे सिद्धांत खरा आहे हो. काका म्हणाले, "भारी हाय की." आणि नवीन चहा सांगितला, माझ्या नावावर.

फुगा सोडवायचा कसा हे व्हिडिओत बघितलं होतं पण आठवेना, मित्र फोन उचलेना, दाराबाहेर गर्दी. शेवटी तसाच आडवा होऊन दारातनं निघालो आणि डोक्यामागं फुगा घेऊन गाडीपर्यंत चालत गेलो. व्हिडिओ निघालाय. मला तीन ग्रुपवर आलाय.

खरा ताप पुढं. रिकामं नळकांडं भरून द्यायचं कुठं? पंक्चरवाला म्हणाला किती हवा, मी म्हटलं दोन हजार सातशे पीएसआय. गाडीच्या टायरला तीस-पस्तीस भरणारा माणूस तो, त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं. उद्यमनगरात जगातलं काहीही करून मिळतं, तिथल्या मिस्त्रीनं नळकांडं उलटंपालटं करून "भरतो की" म्हटलं, ते "की" ऐकूनच मी परत घेतलं. आता बाहेरनं नवं मागवायचं, वर कस्टम, आणि मित्र तोंडानं असू दे म्हणतो पण आवाज तसा नाही. त्यात विमान. नियमात माणशी अशी एक बॅग चालते, फक्त एअरलाइनची परवानगी लागते. ती देणार कोण हे त्या एअरलाइनमधे कुणालाच माहीत नाही. हेल्पलाइनवर पहिल्या बाईंनी विचारलं सिलिंडर घरगुती का कमर्शियल, दुसऱ्यानं होल्डवर ठेवून फोन कापला, तिसरा म्हणाला सर, बर्फात जाताच कशाला. हा प्रश्न मला फुकटात घरी मिळतो, त्यासाठी चाळीस मिनिटं ती ट्यून ऐकायची?

त्या रात्री रागारागात वाचत बसलो. 2014 साली एक अभ्यास छापून आलाय, हिमस्खलनात चांगलेच अडकलेल्या लोकांवरचा. फुगा फुगला असेल तर मरायचं प्रमाण 22 टक्क्यांवरनं 11 वर येतं. पण दर पाचातला एक फुगा फुगतच नाही, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा बॅग ठीक असते, माणसाकडनं मूठच ओढली जात नाही. माझ्याकडं ती सॅक आठवडाभर होती आणि मी त्या मुठीला बोट लावलं नव्हतं. काकांनी अर्धा सेकंद घेतला नाही.

तेव्हा पंख्याची मागवली. दुचाकीचे पैसे ठेवले होते ते गेले. रोज सकाळी घालून एकदा ओढणार आहे, हाताला सवय पाहिजे.

काल शिवलेला पट्टा आणायला गेलो. बॅगवाल्यानं दोन दप्तरांचे आणि सहा चहांचे पैसे लावले. सहा कुणी प्यायले विचारलं तर म्हणाला, काका रोज येतात, नवी कधी येणार विचारतात, तालमीतली पोरं घेऊन येतो म्हणालेत.