निवडणुका बंद म्हणजे राजकारण बंद?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. "महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुका बंद झाल्या म्हणून कॅम्पस शांत आहेत. पोरांनी शिकावं, राजकारणात पडू नये. निवडणुका परत आल्या की मारामाऱ्याही परत येतील." माझ्या मते यातलं एकही वाक्य टिकत नाही.

"पोरांनी राजकारणात पडू नये." 61व्या घटनादुरुस्तीमुळे 1989 पासून 18 वर्षांचा मुलगा देशाचं सरकार निवडतो. तोच मुलगा कॉलेजचा विद्यार्थी प्रतिनिधी निवडायला मात्र लहान? डिसेंबर 1973 मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं मेसचं बिल वाढलं म्हणून रस्त्यावर आली. महागाईने पोळलेलं शहर त्यांच्या मागे उभं राहिलं आणि दोनच महिन्यांत मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. सुरुवात जेवणाच्या खर्चावरूनच झाली होती.

"निवडणुका नाहीत म्हणून शांतता आहे." कुणासाठी शांतता? 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायची पद्धत घाईघाईने आणली आणि निकाल महिनोन्महिने रखडले. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदतही हुकली. पुढचे प्रवेश डोक्यावर आलेली मुलं विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसला खेटे घालत होती. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना हटवलं गेलं, तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. संघटना तेव्हाही होत्या, निवेदनं दिली जात होती. पण विद्यार्थ्यांच्या मतांवर निवडून आलेला, प्रशासनाला जाब विचारू शकणारा प्रतिनिधी नव्हता.

आणि राजकारण कुठे थांबलंय? सिनेट म्हणजे विद्यापीठाची अधिसभा. तिच्या पदवीधर गटाची निवडणूक पक्षांशी जोडलेल्या संघटना उघडपणे लढवतात. सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई विद्यापीठात ठाकरे गटाच्या युवा सेनेने दहाच्या दहा जागा घेतल्या. पदवी हातात पडलेल्यांनी पॅनल उभं करायचं आणि ज्यांचे पेपर चालू आहेत त्यांनी गप्प बसायचं, हा कुठला न्याय?

"मारामाऱ्या परत येतील." ही भीती मी झटकून टाकणार नाही. 1989 मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता, आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर नेमणुका आणल्या. पण नंतर विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणारी लिंगडोह समिती आली. तिच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये लागू केल्या: उमेदवाराचा खर्च जास्तीत जास्त 5000 रुपये, 75 टक्के हजेरी, वयाची अट, छापील पोस्टरला मनाई. दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थी निवडणुकीत हे नियम सर्रास मोडले जातात, हेही खरं. म्हणूनच 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्रूप केलेल्या भिंती साफ होईपर्यंत मतमोजणीच रोखली. नियम मोडणाऱ्यांना असं वठणीवर आणता येतं. त्यासाठी सगळ्यांचंच मत काढून घ्यायची गरज नाही.

2016 च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात या निवडणुकांची तरतूद परत आणली आहे. 2019 मध्ये त्या घेण्याचं जाहीर झालं आणि पुढे ढकललं गेलं. ज्यांना कॅम्पसची काळजी वाटते, त्यांनी सरकारला आता तारीख विचारावी.