‘भागीदार घ्या, जोखीम अर्धी होते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री अकरा वाजता धाकट्या बहिणीने एक मेसेज पुढे पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘दादा, हे वाच. उद्या तिला हो सांगते.’ ‘ती’ म्हणजे बहिणीची मैत्रीण. बहीण कापडी पिशव्या शिवते. आठ वर्षं एकटी शिवते, एकटी विकते. मैत्रिणीने भागीदारीची गोष्ट काढली होती आणि बहीण महिनाभर विचार करत होती. महिनाभर जे ठरत नव्हतं ते या मेसेजने एका रात्रीत ठरवून टाकलं. हाच मेसेज दोन दिवसांत मला आणखी तिघांकडून आला, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

मेसेजमध्ये धंदा वाढवायची सहा सूत्रं आहेत. भागीदार घ्या, नफा दुप्पट होतो आणि जोखीम अर्धी. भागीदारी विश्वासावर चालते, लेखी करार मागितला की विश्वास गेला. सोशल मीडिया ही फुकटची जाहिरात आहे, रोज पोस्ट टाका. दहा हजार फॉलोअर झाले की गिऱ्हाईक आपोआप येतं, सुरुवातीचे विकत घेतले तरी चालतात. रोज पन्नास अनोळखी लोकांना मेसेज करा. आणि शेवटचं, ओळखी वाढवा, ओळखीतूनच धंदा वाढतो.

मी छोट्या धंद्यांचे हिशेब लिहितो. भागीदाऱ्या जुळताना पाहिल्या आहेत आणि मोडल्यावर त्यांच्या वह्याही मीच निस्तरल्या आहेत. शेवटच्या चार सूत्रांनी माणसाचा वेळ जाईल, थोडा पैसा जाईल. पहिल्या दोन सूत्रांनी राहतं घर जाऊ शकतं. म्हणून आधी तीच घेतो.

जोखीम अर्धी होते, हे कुठून आलं? साध्या भागीदारीत नेमकं उलटं होतं. ब्रिटनचा १८९० चा भागीदारी कायदा बघा किंवा त्याच वळणावर बेतलेला भारताचा १९३२ चा बघा, पाया एकच आहे. धंद्याच्या नेहमीच्या कामात एका भागीदाराने धंद्याच्या नावाने केलेला व्यवहार सगळ्यांना बांधतो. भारताच्या कायद्याचं कलम २५ तर स्पष्ट सांगतं की भागीदार असताना फर्मने, म्हणजे भागीदारीतल्या धंद्याने, जे केलं त्याला प्रत्येक भागीदार इतरांबरोबर संयुक्तपणे जबाबदार आहे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार आहे. या ‘स्वतंत्रपणेही’चा अर्थ असा की ज्याचे पैसे द्यायचे आहेत तो तुमच्याकडे निम्मे मागायला येत नाही. तो सगळे मागतो. तुमच्या भागीदाराकडे काही नसेल तर तुमच्या घरातून, दागिन्यांतून, मुलांच्या नावाने बाजूला टाकायचे म्हणून तुमच्या खात्यात ठेवलेल्या पैशांतून. नंतर भागीदाराकडून त्याचा वाटा वसूल करायचा तो तुम्ही, तुमच्या जोरावर.

एकटी असताना बहिणीला फक्त स्वतःच्या चुका भोगाव्या लागतात. भागीदार आली की दोघींच्या चुका दोघींना, आणि त्याही पुऱ्याच्या पुऱ्या. हे अर्धं कसं होतं?

एक उदाहरण माझ्या वह्यांमधलंच. दोघे मित्र, कागद काही नाही. एकाने धंद्याच्या नावावर वर्षभर माल उधार उचलला आणि दुसऱ्याला सांगितलंच नाही. मग तो एक दिवस गाव सोडून गेला. घाऊक व्यापारी दुसऱ्याच्या दारात आला तेव्हा त्या माणसाने मला फोन केला. ‘पण सह्या त्याच्या आहेत,’ असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सह्या त्याच्या होत्या, चलनावर नाव दोघांच्या धंद्याचं होतं. अडीच वर्षं तो ते देणं फेडत होता.

जबाबदारी मर्यादित ठेवणाऱ्या रचना कायद्यात आहेत हे खरं. पण त्यांची वेगळी नोंदणी करावी लागते, नियम पाळावे लागतात. चहावर हात मिळवला आणि जबाबदारी मर्यादित झाली असं होत नाही. मेसेजमध्ये याचा साधा उल्लेखही नाही.

आता ‘नफा दुप्पट’. बहिणीच्या समोर बसून केलेला हिशेब सांगतो. ती महिन्याला शंभर पिशव्या विकते आणि शंभरचा नफा तिचा. मैत्रीण आली, तिने जोर लावला, विक्री दीडशेवर गेली. दीडशे म्हणजे खूपच चांगली वाढ, कोणीही खूश होईल. वाटणी निम्मी निम्मी. बहिणीच्या वाट्याला पंचाहत्तर पिशव्यांचा नफा आला. शिवायच्या मात्र दीडशे, आणि शिवणारी तीच. आज आहे तेवढं मिळवायलाच विक्री दोनशेवर जायला हवी. जादा काही हवं असेल तर त्याहून वर. हे तिने कटिंगच्या खाकी कागदाच्या मागे टेलरच्या खडूने मांडलं आणि ‘पंचाहत्तर’वर दोनदा गोल केला.

दुसरं सूत्र, करार मागू नका, हे या सगळ्यावर कळस आहे. मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं की कागद केला नाही म्हणजे करारच नाही, सगळं दोघांच्या मनावर. तसं नसतं. तुम्ही काही लिहिलं नाही, वागण्यातूनही दुसरं काही ठरलेलं दिसलं नाही, की कायदा आपल्या अटी भरतो. आणि त्या अटी फार लोकांना ठाऊक नसतात. भारतीय कायद्याचं कलम १३ म्हणतं की वेगळं काही ठरलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा. भांडवल कोणी किती घातलं ते बघितलं जात नाही. काम करण्याबद्दल कुणाला मेहनताना मिळत नाही. ब्रिटनच्या कायद्यातही याच दोन गोष्टी आहेत. म्हणजे मशीन बहिणीचं, कापड बहिणीचं, आठ वर्षांचं गिऱ्हाईक बहिणीचं, शिवणकाम बहिणीचं, आणि कागद नसेल तर वाटणी निम्मी, शिवणाची मजुरी शून्य. मुदत ठरली नसेल तर कोणीही एकीने नोटीस देऊन भागीदारी मोडावी, हीसुद्धा त्याच कायद्यातली सोय. दिवाळखोर व्हायला फसवणूक लागत नाही. दोघी प्रामाणिक असल्या तरी हे असंच लागू होतं.

बाहेर पडलं की सुटलो, असंही नाही. तुम्ही भागीदार होतात हे ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी, बाहेर पडल्याची जाहीर सूचना दिली जाईपर्यंत, जबाबदारी चिकटून राहते. आणि आजकाल सगळे जे पहिल्या दिवशी करतात ते तर बघाच. दोघींचा फोटो, खाली ‘आमची नवी पार्टनर’. एक पैसा घातलेला नसो, ज्या व्यक्तीने आपलं नाव भागीदार म्हणून असं मिरवू दिलं तिला, त्यावर विसंबून कोणी उधार दिलं तर, भागीदारासारखंच धरता येतं. दोन्ही कायद्यांत ही तरतूद आहे. मैत्रिणीच्या बाजूनेही हे घातक आहे, तिलाही हे कोणी सांगितलं नसणार.

विश्वासाबद्दल एकच म्हणतो. लिहायला बसलं की दोन माणसांना पहिल्यांदा कळतं की आपल्या डोक्यात वेगवेगळ्या गोष्टी होत्या. मी बहिणीला चार प्रश्न विचारले. उचल कोण किती घेणार? उधारीवर माल कोण आणू शकणार, किती मर्यादेपर्यंत? एकीला तीन महिने काम जमलं नाही तर वाटणीचं काय? आणि इन्स्टाग्रामचं पेज कुणाच्या नंबरवर? पहिल्या तिन्हींवर ती ‘बोलून ठरवू’ म्हणाली. चौथ्यावर थांबली. पेज मैत्रिणीने महिन्यापूर्वीच उघडून दिलं होतं, मदत म्हणून. नंबर तिचा, ईमेल तिचा, पासवर्ड तिच्याकडे. आठ वर्षांच्या पिशव्यांचे फोटो त्यावर चढले होते, ऑर्डरी त्यावर येत होत्या. उद्या काही बिनसलं तर पेज कुणाचं? बहिणीने खडू खाली ठेवला. मैत्रिणीच्या मनात काही वाईट होतं असं मला मुळीच वाटत नाही. दोघींनाही हा प्रश्न सुचलाच नव्हता. मेसेज त्यांना तो न सुचण्यातच विश्वास आहे असं शिकवतो.

बाकीची सूत्रं भराभर घेतो.

सोशल मीडिया फुकट नाही. वेळ लागतो तो सोडाच, ज्या जागेवर दुकान मांडता ती तुमची नाही. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनेच जाहीर केलं की लोकांना मित्र आणि घरच्यांच्या पोस्ट जास्त दाखवणार, धंद्यांच्या आणि ब्रँडच्या कमी. त्यानंतर कित्येकांची वर्षांची मेहनत एका निर्णयाने उतरली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही जगभर सुमारे सहा तास बंद होती. ज्याची सगळी गिऱ्हाइकं तिथेच होती त्याला त्या सहा तासांत एकालाही कळवता आलं नाही. गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर आपल्या वहीत हवेत, रोज पोस्ट टाकण्याआधी. रोज टाकायचं म्हणून टाकलेल्या पोस्टपेक्षा आठवड्याला दोन, पण पिशवीचा तळ आतून कसा दुमडून शिवलाय ते दाखवणाऱ्या, जास्त विकतात. माझ्या बहिणीच्या वहीत ते दिसतं.

फॉलोअर विकत घेणं ही सरळ फसवणूक आहे. बॉटच्या, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमने चालवलेल्या, खात्यांना पिशवी लागत नाही. ती पोस्टवर थांबत नाहीत, विचारत नाहीत, आणि ज्या पोस्टवर कोणी थांबत नाही ती आणखी लोकांना दाखवायचं कारण प्लॅटफॉर्मला उरत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, तर २०२४ मध्ये नियम केला की खोटे आहेत हे माहीत असून, किंवा कळायला हवं होतं तरी, धंद्याच्या फायद्यासाठी असे फॉलोअर विकणं आणि विकत घेणं दोन्ही बेकायदा.

रोज पन्नास अनोळखी लोकांना मेसेज? व्हॉट्सॲपवर लोक असे नंबर ब्लॉक करतात, तक्रार करतात, आणि तक्रारी वाढल्या की खातंच बंद होतं. मग गिऱ्हाइकांशी बोलायचा नंबरही गेला.

शेवटच्या सूत्रात मात्र तथ्य आहे, ते कबूल करतो. ओळखीतून धंदा येतो. पण कोणत्या ओळखीतून, हे मेसेज सांगत नाही. १९७३ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी मार्क ग्रानोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं की ज्याच्याकडून खबर मिळाली तो माणूस त्या वेळी तुम्हाला कितीदा भेटायचा. वारंवार भेटणारे १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८. रोजच्या माणसांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं, नवी खबर लांबच्या ओळखीकडून येते. तो अभ्यास नोकरीचा होता, धंद्याचा नव्हे. तरी बहिणीची मोठी ऑर्डर कुठून आली ते आठवलं तर मला पटतं. मुलीच्या जुन्या शिक्षिकेकडून, जी तिला वर्षातून एकदा भेटते.

भागीदारीसुद्धा वाईटच असते असं मी म्हणत नाही. बहिणीला विक्री जमत नाही, मैत्रिणीला जमते. एकीकडे जे नाही ते दुसरीकडे असेल तर जोडी चालते. फक्त त्यासाठी पहिल्याच दिवशी भागीदार व्हायची गरज नसते. काल दोघी बसल्या, मीही होतो. सहा महिने मैत्रीण आणेल त्या प्रत्येक ऑर्डरवर कमिशन, उधारीचा माल फक्त बहीण आणेल, आणि सहा महिन्यांनी वही बघून भागीदारीचं बोलायचं. एका पानावर लिहिलं, दोघींनी सह्या केल्या. मैत्रीण चिडेल अशी बहिणीला भीती होती. ती म्हणाली, बरं झालं, मलाही तोट्यात अडकायचं नव्हतं. मग तिने फोन काढला आणि पेजवरचा स्वतःचा नंबर काढून बहिणीचा घातला.